माहेरचा कागद

जुन्नरला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान होतं. आठ बाय दहाची खोली, एक मराठी टाइपरायटर, गिऱ्हाइकांसाठी दोन बाकं. पुढे झेरॉक्स मशीन आलं आणि एक बाक बाहेर गेलं. नव्वदच्या सुमाराला सुरू केलेलं दुकान मी पुढची पंचवीस वर्षं चालवलं. वारसनोंदी, सातबाऱ्याचे अर्ज, शपथपत्रं ही कामं बारमाही असायची. निवडणूक आली की मात्र दुकानाला लग्नघराची कळा यायची. उमेदवार, उमेदवाराचे भाऊ, सूचक आणि नुसतेच सोबत आलेले असे सगळे दाटीने उभे राहायचे, आणि प्रत्येक जण मला एकच सांगायचा, "बाई, अर्ज उडाला नाय पायजे."

छाननीत अर्ज बाद झाला की आमच्याकडे 'उडाला' म्हणतात. माझ्या हातचा अर्ज कधी उडाला नव्हता. हे मी फुशारकीने सांगत असे, आणि आता जे सांगणार आहे त्याच्या मुळाशी तीच फुशारकी आहे.

मी पहिल्यांदा ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज टाइप केला तेव्हा तो एका पानाचा होता. नाव, वय, वॉर्ड, यादीतला क्रमांक, सूचकाची सही. माणूस उभा राहतो म्हणाला की उभा राहायचा. मग राज्याचा वेगळा निवडणूक आयोग आला, बायकांच्या जागा आल्या, चिठ्ठ्या काढून आरक्षण ठरू लागलं आणि अर्जाला पानं फुटायला लागली. कायद्यात बदल झाला की निवडणूक शाखेतला कारकून परिपत्रक बाहेरच्या फळ्यावर लावायचा. मी दुकान उघडायच्या आधी जाऊन ते हाताने उतरवून आणायची. गावातले पुढारी कायदा नंतर वाचायचे, काही तर वाचायचेच नाहीत. माझ्याकडे येऊन "ह्या खेपेला नवीन काय?" एवढं विचारायचे.

दोन मुलांचा नियम आला तेव्हाची गोष्ट. ठरावीक तारखेनंतर तिसरं मूल झालं असेल तर उभं राहता येत नाही, असं मी एका गृहस्थांना समजावून सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, धाकटा मामाकडंच असतो. त्याला धरायचाच का?" मी विचारलं, त्याला जन्म मामाने दिलाय का. ते बाहेर जाऊन चहा पिऊन आले आणि म्हणाले, मग भावाला उभा करतो, त्याचं अजून लगीन व्हायचंय.

शिक्का जाऊन बटण आलं तेव्हा म्हाताऱ्या बायका दुकानात डोकावून विचारायच्या की आता घडी कशी घालायची. मी सांगायची, घडी नाही, नुसतं दाबायचं. एकीने विचारलं, मग माझं मत राहतं कुठं? मी म्हटलं, आत. तिचं काही समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

त्यानंतर आला जातपडताळणीचा नियम. राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला पुरेसा नाही, तो पडताळणी समितीने तपासून खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र पाहिजे. लोक त्याला 'व्हॅलिडिटी' म्हणू लागले, आणि आज शेळ्या राखणारी बाईसुद्धा तो शब्द बिनचूक उच्चारते. प्रमाणपत्र हातात नसेल तर समितीकडे अर्ज केल्याची पोच जोडायची आणि हमीपत्र लिहून द्यायचं, की निवडून आल्यापासून सहा महिन्यांत ते सादर करीन. नाही केलं तर निवड आपोआप रद्द. नुसती रद्द नाही, तर मुळात झालीच नव्हती असं धरायचं. हे शेवटचं वाक्य मी परिपत्रकातून उतरवताना दोनदा वाचलं होतं.

त्या वर्षी पिंपरी पेंढारच्या बाजूच्या एका वस्तीवरून चौघं जण दुकानात आले. मेंढरं राखणारी माणसं. सोडतीत त्यांच्या प्रभागातली जागा मागासवर्गातल्या बाईसाठी निघाली होती. तीन पुरुष बाकावर बसले आणि सोबतची बाई टेबलाशी येऊन उभी राहिली. चाळिशीच्या अलीकडची, सातवीपर्यंत शिकलेली. नवरा दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचा, ती मुलांच्या शाळेसाठी मागे राहायची.

उभं का राहायचंय, असं मी कधी कुणाला विचारत नसे. तिने आपण होऊनच सांगितलं. वस्ती आणि गाव यांच्यामध्ये ओढा आहे. पावसाळ्यात त्याला पाणी आलं की पोरांची शाळा बुडते. तिथे दोन नळ्या टाकून छोट्या पुलासारखी मोरी बांधली की झालं. कितीदा सांगून पाहिलं, सगळे हो म्हणतात.

"सांगून न्हाई व्हत," ती म्हणाली. "तितं बसावं लागतंय."

मला ती आवडली. जातीचा दाखला तिच्याकडे होता. शाळेत असताना तिच्या वडिलांनी काढलेला, माहेरच्या नावाचा, घड्यांवर विरलेला. मी उत्साहाने फाइल बांधायला घेतली. माहेरच्या आणि सासरच्या नावाची बाई एकच आहे हे दाखवायला लग्नाचा पुरावा जोडला. मग जुने पुरावे. ह्या जातींना एकसष्ट सालच्या आधीचा कागद लागतो. तिचा नवरा हुशार, त्याने आपल्या चुलत्याचा शाळेचा दाखला आणि आजोबांच्या नावाचा एक जुना उतारा शोधून आणला. मी वंशावळीचं शपथपत्र टाइप केलं. वर सासऱ्यांचे आजोबा, मग त्यांच्या इतर फांद्या, खाली नवरा आणि नवऱ्याच्या शेजारी ती. इतकी देखणी वंशावळ मी त्याआधी केली नव्हती. रेघा फूटपट्टीने मारल्या होत्या.

ती निवडून आली. मतं थोडीच जास्त पडली, पण आली. मी तिला 'मेंबर' म्हणायला लागले आणि ती ओठ दाबून हसायला लागली. विरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईचा दीर कचेरीसमोरच्या चहाच्या गाडीवर बसायचा. मी दिसले की विचारायचा, "काय बाई, आली का व्हॅलिडिटी? आमी दिवस मोजतोय बरं का." मीही सांगायची, मोजा, मोकळेच आहात.

चार महिने उलटून गेल्यावर समितीचं पत्र आलं. पत्ता माझ्या दुकानाचा दिला होता, म्हणून मीच उघडलं. त्रुटी एकच काढली होती. जोडलेले सर्व पुरावे अर्जदाराच्या पतीकडील आहेत. अर्जदाराच्या वडिलांकडील रक्तनातेवाइकांचे पुरावे सादर करावेत.

वाक्य अगदी सरळ होतं. जात बापाकडून येते, नवऱ्याकडून नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे मुलीचं लग्न झालं की तिचं सगळं सासरी जातं. आडनाव जातं, रेशनकार्डातलं नाव जातं, मतदारयादीतलं जातं, काही घरांत तर पाळण्यातलं नावसुद्धा बदलतात. वीस वर्षं मी बायकांचे कागद सासरच्या पत्त्यावर टाइप करत आले होते. माहेरच्या नावाचा दाखला माझ्याच हाताने फाइलीत वर लावला आणि त्याच्याखाली दुसऱ्याच घराण्याची वंशावळ बांधली. माझाही हात सवयीनेच चालला होता.

ती बाजाराला आली तेव्हा मी तिला दुकानात बोलावून पत्र वाचून दाखवलं आणि चूक माझी आहे असं सांगितलं. तिने पत्र हातात घेऊन स्वतः एकदा वाचलं.

"म्हंजी चार म्हैने आपुन माझ्या नवऱ्याची जात सिद्ध करत व्हतो?"

"हो."

"त्याला तर कुनी इचारलंच नव्हतं."

तिने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "किती दिस ऱ्हायले?" मी सांगितलं, दोन महिन्यांना थोडे कमी. मोरीचा ठराव अजून यायचा होता. दोन मासिक सभा कोरमअभावी गेल्या होत्या. तिची निवड रद्द झाली असती तर तो विषय मांडायला दुसरं कुणी नव्हतं.

आता अडचण अशी, की माहेरी कागदच नव्हता. तिचे वडील वारलेले, शाळेत कधी गेलेले नाहीत. भाऊ शिकला पण तो फार अलीकडचा. जमीन नाही, घर नाही; आजोबांचा सगळा जन्म मेंढरांमागे गेला. एकसष्टच्या आधी त्यांची कुठे नोंद असणार?

मी अभिलेख कक्षातल्या कारकुनाकडे गेले. उमदा माणूस, नाकाला रुमाल बांधून दिवसभर जुन्या गठ्ठ्यांत बसलेला असायचा. तो म्हणाला, कोतवाल बुकं आहेत की. पूर्वी गावात मूल जन्मलं की कोतवाल त्याची नोंद करायचा. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मुलाचं नाव नसतं, कारण बारसं व्हायच्या आत नोंद होते. पण जात लिहिलेली असते आणि समिती ती मानते. "मला गाव सांगा आणि साल सांगा," तो म्हणाला. "काढून देतो. गाव माहीत नसेल तर मात्र अख्खा तालुका मी कुठवर चाळू?"

आणि फिरत्या कळपातल्या माणसाचं जन्मगाव कोण सांगणार? मेंबरने जरा विचार केला आणि म्हणाली, "आत्या."

आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण, आंबेगाव तालुक्यात घोडेगावच्या पुढे मुलाकडे राहत होती. आम्ही दोघी नारायणगावला जीप बदलून मंचर आणि तिथून पुढे असं करत दुपारपर्यंत पोचलो. मुलगा आणि सून कळपाबरोबर कोकणात. म्हातारी घरात एकटी, पंचाहत्तरीची, काटक, लोकर विंचरत बसलेली. भाचीला बघून ती उठली नाही, फक्त म्हणाली, "मेंबर झालीस म्हनं. मग अशी पायी का आलीस?"

मी वही काढली आणि सरळ विचारलं, तुमचा भाऊ कोणत्या साली जन्मला. ती माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिली, जशी मी दुकानात अर्धवट कागद घेऊन आलेल्यांकडे बघते.

"साल मला काय ठावं?"

मग गाव?

"मेंढरं कुनाच्या शेतात बसली व्हती, ते इचार."

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं. पेरणीच्या आधी शेतकरी मेंढरांचा कळप आपल्या शेतात मुक्कामाला बसवून घेतात. लेंडीखताने रान तयार होतं. पूर्वी प्रत्येक कळपाची शेतं ठरलेली असत. बापाने जिथे मेंढरं बसवली तिथे मुलगाही बसवायचा. आमच्यासाठी वर्षाचे महिने असतात तशी आत्यासाठी ती शेतं होती. मला नुसतं भावाचं शेत हवं होतं, पण तिला मधूनच सुरुवात करता येईना. घाटाखालून सुरू करून ती एकेक मुक्काम सांगत आली. ह्या शेतात मोठी बहीण गेली, त्या शेतात लांडगा पडला, तिथल्या मालकिणीने मला हिरवं लुगडं दिलं. मी लिहीत राहिले. माळशेज चढून वर आल्यावर ती थांबली.

"आईला घाटातच कळा लागल्या. तरी ती चालली. डिंगोऱ्याच्या अंगाला आडाचा मळा हाये, तितं टेकलो. मालकाची सून बी त्याच दिसांत बाळंत झाली व्हती, आदी ती, मंग माझी आई. मालकाच्या म्हातारीनं दोघींचं केलं. दोन्ही पोरं एका पाळन्यात घातली. मी सात वर्सांची व्हते. मला पाळन्याची दोरी दिलेली. तेंचं पोरगं लई रडकं व्हतं."

मी लिहायची थांबले. मालकाचा नातू. मालकाचा नातू शाळेत गेला असणार, म्हणजे त्याच्या दाखल्यावर साल असणार.

मेंबरच्याही ते लक्षात आलं होतं. ती म्हणाली, "आत्या, चपला घाल."

म्हातारीला दोन दिवस माझ्याकडे ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी डिंगोऱ्याला गेलो. मळा सापडायला वेळ लागला, कारण आत्याला रस्ता ठाऊक होता तो मेंढरांचा, आणि त्या वाटेवर आता टोमॅटोचे मांडव आणि तारेची कुंपणं होती. आड मात्र होता, वरून झाकलेला, शेजारी मोटरची पेटी. अंगणात एक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ चष्मा लावून द्राक्षाच्या औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी वाचत होते. आम्ही तिघी बायका फाटकातून आत आलेल्या बघून ते म्हणाले, "मत मागायला आला असाल तर ह्या वर्षाला झालं सगळं."

आत्या त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि त्यांना खालीवर न्याहाळून म्हणाली, "लई रडायचास लेका तू."

ओळख पटायला वेळ लागला, पण एकदा पटल्यावर त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पाळण्याची गोष्ट त्यांच्याही घरात चालत आली होती. आजी सांगायची, तुझ्याबरोबर एक मेंढपाळाचं पोर वाढलं पंधरा दिवस, आणि ते तुझ्यापेक्षा शहाणं होतं. त्यांना वाटायचं, आजी खिजवण्यासाठी सांगते. मेंबरकडे बघून ते म्हणाले, "म्हंजी तू माझ्या भावाची पोर." मग विचारलं, मेंढरं इकडं आणायची का बंद केलीत. आत्या म्हणाली, कुंपनं कुनी घातली? त्यावर त्यांनी भात वाढायला सांगितला.

त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला होता. मी जन्मतारीख वाचली आणि माझा अर्धा उत्साह मावळला. एक जून. त्या काळी पोराची तारीख घरच्यांना सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. जुन्नर तालुक्यात निम्मी म्हातारी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. म्हणजे साल बरोबर असेल किंवा एक-दोन वर्षांनी चुकलं असेल. पण गाव हातात आलं होतं, आणि आत्याच्या सांगण्यावरून ज्येष्ठाआधीचे, पेरणीपूर्वीच्या उन्हाळ्याचे दिवस.

दुसऱ्या दिवशी आम्ही अभिलेख कक्षात. दाखल्यावरच्या सालाचं बुक कारकुनाने आधी काढलं. मोडीत लिहिलेलं, त्यालाच वाचता येत होतं. बोट ओळीओळीने खाली सरकत गेलं. पान उलटलं. पुन्हा खाली. शेवटी त्याने मान हलवली. पुढच्या सालाचं बुक काढलं, त्यात पाच-सहा पानं वाळवीने खाल्लेली, आणि नेमकी उन्हाळ्याची. मेंबर खिडकीशी उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. चूक माझी असताना दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायला मला जमत नाही.

आधीच्या सालाचं बुक कारकुनाने नुसतं नियम म्हणून काढलं. आणि बोट मध्येच थांबलं.

"ही बघा," तो म्हणाला. "डिंगोरे. मुलगा. बाप मळेवाल्यांचा थोरला." त्याने डिंगोऱ्याच्या त्या गृहस्थांच्या वडिलांचं नाव वाचलं. मग बोट एक ओळ खाली आलं. "तीन दिवसांनी. मुलगा. बापाचं नाव..." आणि त्याने मेंबरच्या आजोबांचं नाव वाचलं. तिच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे होतं तेच, आणि पुढे त्या आजोबांच्या वडिलांचंही. "जात धनगर. राहणार फिरते, मेंढरांसह. खबर देणार मळ्याचे मालक."

मेंबरने त्याला परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तिने स्वतः ओळीवर बोट ठेवलं, जरी तिला मोडी वाचता येत नव्हती.

"तारीख कोन्ती म्हनला?" तिने विचारलं.

कारकुनाने सांगितली. तिने ती मला वहीत लिहायला लावली, वेगळ्या पानावर. म्हणाली, घरात कुणालाच ठाऊक न्हवती. मग पदर सावरून म्हणाली, "नक्कल कदी मिळंल?" मला बरं वाटलं. मला कामाच्या मध्ये रडणारी माणसं झेपत नाहीत, आणि तिने ती वेळ येऊ दिली नाही.

पुढचं सगळं धावपळीचं होतं, पण माझ्या हातातलं होतं. नवी वंशावळ केली. ह्या वेळी वर तिचे पणजोबा, खाली आजोबा, मग आत्या आणि तिचे वडील, आणि वडिलांच्या खाली ती. डिंगोऱ्याच्या त्या मळेवाल्या बाबांनी शपथपत्र करून दिलं. मी टाइप करत असताना ते शेजारी बसून सुचवत होते की 'एका पाळण्यात' हे शब्द घाला. मी म्हटलं, कायद्याला पाळणा लागत नाही. ते म्हणाले, लागत नसला तरी घाला. घातले.

पुण्याला सुनावणीला आम्ही चौघं गेलो. समोरच्या अधिकारी बाईंनी कागद नीट वाचले आणि रास्त प्रश्न विचारला. नोंदीत मुलाचं नाव नाही. हाच मुलगा अर्जदाराचे वडील कशावरून? मी पाठ केलेलं उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या बोलली.

"बाई, माझ्या आईला माझ्यामागं येवडं एकच पोर जगलं. दुसरं असतं तर मी त्याची बी दोरी वढली नसती का?"

बाईंनी ते लिहून घेतलं. आत्याने अंगठा उठवला आणि विचारलं, आता हिची मेंबरकी ऱ्हाती का. बाई म्हणाल्या, कळवू.

प्रमाणपत्र आलं तेव्हा मुदतीचे नऊ दिवस उरले होते. मी आणि मेंबर ते घेऊन निवडणूक शाखेत गेलो. कारकुनाने मूळ प्रत बघितली, छायाप्रतीवर शिक्का मारला, तारीख आणि सही केली. मी त्याला वेळही लिहायला लावली. परिपत्रकात वेळेचं काही नव्हतं, पण त्या दिवशी मला कुठलीच फट ठेवायची नव्हती. बाहेर चहाच्या गाडीवर तो दीर बसला होता. त्याने काही विचारायच्या आत मेंबरने शिक्क्याचा कागद त्याच्यापुढे धरला.

"भाऊ, मोजायचं ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. "पावसाच्या आत मोरी करायची हाये. सबेला तुमच्या मानसांना बी घेऊन या, कोरम भरंना झालाय."

तो कागद बघून म्हणाला, येतो. आणि खरंच त्याच्याकडचे दोन सदस्य त्या महिन्याच्या सभेला आले. वस्तीच्या पलीकडे त्यांचीही रानं होती आणि ओढा त्यांनाही ओलांडावा लागत होता, हे तोवर कुणी बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

त्यानंतर मी माझ्या कामाची पद्धत बदलली. बाई दुकानात आली की नाव विचारायच्या आधी माहेर विचारायचं. काही बायका दचकायच्या. वीस-पंचवीस वर्षं सरकारी कागदासाठी त्यांना तो प्रश्न कुणी विचारलेला नसायचा. मग जरा सैल होऊन सांगायच्या, आणि गावाबरोबर भावांची नावं, विहिरीचं पाणी, शाळेतल्या बाई असं बरंच काही सांगायच्या. त्यात माझा वेळ जायचा. पण जाऊ दिला. पुढच्या निवडणुकीला मेंबरच्या दोन चुलत चुलतबहिणी वेगवेगळ्या गावांतून आल्या, दोघींच्या पिशवीत त्याच डिंगोऱ्याच्या नोंदीची नक्कल होती.

ठराव झाल्यावर मेंबर त्याची प्रत घेऊन माझ्याकडे आली. पंचायत समितीला प्रस्ताव पाठवायचा होता. ठरावाच्या खाली सूचक म्हणून तिचं नाव होतं. मी कागद यंत्रात घातला आणि टाइप करायला लागले. ती उभीच.

"ताई, हितं माहेरचं नाव लागतंय का कुटं?"

"नाही. इथे काही लागत नाही."

"बगा बरं," ती म्हणाली. "मागल्या खेपेला बी असंच म्हनला व्हता."

मी हात थांबवला, पंचायत समितीतून उतरवून आणलेला प्रस्तावाचा नमुना खणातून काढला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला.